कुरणांतील शाळा

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं एक लहानसा तंटा उपस्थित झाला. त्याचें कारण एक सायकल. आमचें कुटुंब एकत्र आहे. वृद्ध मातोश्री, आम्ही दोघे बंधू, मुलें, सुना व नातवंडें मिळून तेरा पानें रोज मांडलीं जातात. त्यांतील धाकट्या बंधूंचा नातू इयत्ता पांचवींत आहे. हा मुलगा तिसरीपर्यंत गोष्टींच्या पुस्तकांचा असा लोभी होता, कीं पानावर बसल्यावर त्याच्या हातांतलें पुस्तक ओढून घ्यावें लागे. ही आवड वाढीस लागावी ह्या सद्धेतूनें त्याच्या वडिलांनीं एक योजना काढली. प्रत्येक पुस्तकामागें दहा रुपये, महिन्यांत पांच पुस्तकें पुरीं केल्यास आणखी पन्नास, आणि हिशेबासाठीं भिंतीवर एक तक्ता. पहिल्या महिन्यांत सात पुस्तकें झालीं व घरांत आनंदीआनंद झाला. दुसऱ्या महिन्यांत मुलगा पुस्तकाची जाडी बोटानें मोजून पातळ तेवढीं निवडूं लागला. तिसऱ्या महिन्यांत तो आरंभीचीं व शेवटचीं पानें वाचून मधलीं सोडूं लागला. वडिलांस हें कळतांच त्यांनीं रागानें तक्ता उतरविला. आणि त्या दिवसापासून पुस्तकें कपाटांत व मुलगा अंगणांत, अशी वांटणी कायम झाली.

आतां त्याच वडिलांनीं नवा करार पुढें केला. वार्षिक परीक्षेंत नव्वद टक्के मिळाले तर सायकल. न मिळाले तर नाहीं. सूनबाईंस, म्हणजे मुलाच्या आईस, हें मान्य होईना. पुस्तकांचें जें झालें तेंच अभ्यासाचें होईल, असें त्यांचें म्हणणें. प्रकरण आमच्यापुढें आलें, कारण आम्ही घरांत वडील आणि पस्तीस वर्षें शाळामास्तर. आम्ही क्षणभरही विचार न करतां निकाल दिला, कीं बक्षिसावांचून जगांत कोणी धांवत नाहीं. आमच्या शाळेंत आम्ही हेंच केलें व त्यावरच मुलें शिकलीं. सूनबाईंनीं बालशिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा केलेला आहे. त्या इतकेंच म्हणाल्या, "अण्णा, तुमचा निकाल मी मोडणार नाहीं. पण सायकल घेण्यापूर्वीं एकदां माझ्याबरोबर कोसबाडला चला." मुलासही बरोबर न्यावें, असें ठरलें. त्याच्या दोन दिवसांच्या रजेवरून पुन्हां थोडी कुरकुर झाली, ती मातोश्रींनीं मिटविली.

संक्रांत झाल्यावर आम्ही तिघे निघालों. मुंबईहून पश्चिम रेल्वेनें विरारास गाडी बदलली, कीं पुढें डहाणूपर्यंत लोकलगाडी जाते. ही सोय २०१३ सालापासून झाली आहे. वैतरणेचा पूल ओलांडल्यावर मुंबईची गर्दी मागें पडते. सफाळें, केळवें, पालघर, बोईसर अशीं स्थानकें येतात, भाताचीं कापलेलीं खाचरें व गवताच्या गंजी दिसूं लागतात, आणि डब्यांत चढणाऱ्या बायकांच्या डोक्यावर भाजीच्या पाट्या असतात. डहाणू पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत होतें. १ ऑगस्ट २०१४ पासून तें नव्या पालघर जिल्ह्यांत आलें. एका बाजूस समुद्र, किनाऱ्यालगत ताडामाडांच्या रांगा व चिकूच्या वाड्या, आणि दुसऱ्या बाजूस लाल मातीच्या टेकड्यांवर वारल्यांचे पाडे, अशी ह्या मुलखाची रचना आहे. येथील चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. बाजारांत आमच्या बाळानें एकामागून एक सहा चिकू खाल्ले, तेव्हां कोणी त्यास बक्षीस कबूल केलें नव्हतें, हें सूनबाईंनीं हंसत आमच्या नजरेस आणून दिलें.

कोसबाड ही डहाणू व घोलवड यांच्या परिसरांतील एक टेकडी आहे. उंची फारशी नाहीं. रिक्षा लाल रस्त्यानें वळसे घेत वर गेली, तेव्हां खालीं झाडी व त्यापलीकडे समुद्राची फिकट रेघ दिसली. ह्या टेकडीचें नांव महाराष्ट्रांतील शिक्षकांस ठाऊक आहे तें दोन स्त्रियांमुळें. वाचकांपैकीं वडील मंडळींस हा इतिहास परिचित असेल. तथापि तरुण वाचकांसाठीं थोडक्यांत सांगतों.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ सालचा. त्या पदवीधर होत्या, आणि गुजराथेंत भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनीं बालशिक्षणाचें काम केलें. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९३६ सालीं दादरला शिशुविहार सुरू झाला. शहरांतल्या सुखवस्तु घरांतील मुलांवर माँटेसरीबाईंच्या पद्धतीचा प्रयोग यशस्वी झाला होता. एखाद्यास तेवढ्यावर समाधान वाटलें असतें. परंतु मारिया माँटेसरींनीं स्वतः १९०७ सालीं आपलें पहिलें बालगृह रोमच्या गरीब वस्तींत काढलें होतें. मग आमच्याकडे ती पद्धत केवळ श्रीमंतांची कां व्हावी, हा प्रश्न ताराबाईंस स्वस्थ बसूं देईना. १९४५ सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, त्या समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं गेल्या व तेथें त्यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. त्याच वर्षीं अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. अनुताईंचा जन्म १९१० सालीं मोरगांवचा. तेराव्या वर्षीं विवाह आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य, असें त्या काळच्या कित्येक मुलींचें प्राक्तन त्यांच्याही वांट्यास आलें होतें. शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या, आणि पस्तिसाव्या वर्षीं नोकरी सोडून बोर्डीस आल्या. पुढें केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलें. ताराबाई १९७३ सालीं वारल्या. अनुताई १९९२ सालीं निधन पावेपर्यंत ह्याच कामांत होत्या. ताराबाईंस १९६२ सालीं पद्मभूषण व अनुताईंस १९८४ सालीं पद्मश्री मिळाली, ही गोष्ट आम्ही शेवटीं सांगतों, कारण आमच्या विषयाचा तिच्याशीं संबंध नाहीं.

संबंध आहे तो पुढच्या गोष्टीशीं. केंद्र निघालें, खेळणीं, साधनें, शिकविणाऱ्या बाई, सर्व सिद्ध झालें, आणि वारल्यांचीं मुलें येईनात. ह्याच १९४५ सालीं गोदावरी परुळेकर यांच्या पुढारीपणाखालीं वारल्यांनीं वेठीविरुद्ध लढा उभारला होता, हें लक्षांत घेतलें पाहिजे. लग्नासाठीं कर्ज काढावें आणि तें फेडण्याकरितां नवराबायकोनें सावकाराच्या घरीं राबावें, अशी 'लग्नगडी' ह्या नांवाची चाल येथें होती. परका पांढरपेशा मनुष्य पाड्यावर आला तर तो सावकाराचा कारकून किंवा जंगलखात्याचा शिपाई, हा त्यांचा पिढीजात अनुभव. अशा मुलांनीं परक्या बाईच्या हांकेस ओ द्यावी तरी कशी?

येथें आमच्यासारख्या मास्तरानें काय केलें असतें, हें आम्हांस पुरतें ठाऊक आहे. हजेरीपटावर लाल शाईचे शेरे मारले असते. पालकांस अडाणी ठरविलें असतें. फार तर येणाऱ्या मुलांस गोळ्या वांटल्या असत्या. ह्या दोघींनीं निराळा विचार केला. मूल शाळेपाशीं येत नाहीं, तर शाळा मुलापाशीं न्यावी. पाड्यावर एखाद्या झोंपडीपुढचें सारवलेलें अंगण निवडावयाचें व तेथेंच बालवाडी भरवावयाची. मुलांचे हातपाय धुवावयाचे, केंस विंचरावयाचे, नखें काढावयाचीं, गाणीं म्हणावयाचीं. आया बाजूस कामें करीत बघत. बघतां बघतां त्यांचें भय जाई. विलायती साधनें महाग, म्हणून शिंपले, बिया, पानें, खडे, काड्या हींच साधनें झालीं. माँटेसरीबाईंचें तत्त्व राहिलें, आणि त्याच्या अंगावर वस्त्र मात्र ह्या मातीचें आलें. अंगणांतली वाडी ती अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें एकात्मिक बालविकास योजना प्रथम ३३ गटांत सुरू केली, तेव्हां हेंच नांव देशभर गेलें. आज आपल्या गल्लींत किंवा गांवांत जी अंगणवाडी दिसते, तिचें मूळ ह्या टेकड्यांच्या पायथ्याशीं आहे.

अंगणवाडीनें लहानांची सोय झाली. सहासात वर्षांच्या मुली तरीही येईनात. कारण पाहिलें तर प्रत्येकीच्या कडेवर एक भावंड. आई मजुरीस, आणि मूल राखावयाचें काम थोरलीचें. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणल्या, आणि त्यास विकासवाडी असें नांव दिलें. भावंड पाळणाघरांत निजलें, कीं बहीण शेजारच्या वर्गांत मोकळ्या हातांनीं बसे. तिची अभ्यासाची इच्छा कोणी वाढविली नाहीं, ती होतीच. फक्त तिच्या कडेवरचें ओझें उतरविलें.

राहिले मुलगे. ते गुरांमागें रानांत. त्यांच्यासाठीं शिक्षक कुरणांत जाऊं लागले, आणि तिचें नांव कुरणशाळा पडलें.

हें सर्व आम्हांस तेथील वाटेवर भेटलेल्या एका वृद्ध वारली गृहस्थानें सांगितलें. पंचाहत्तरीच्या पुढचें वय, कमरेस पंचा, हातांत कोयता. लहानपणीं ते स्वतः गुरें घेऊन जात. मास्तर झाडाखालीं बसत. गुरें मोजणें हें पहिलें गणित. कोणाची गाय कोठें गेली हें सांगणें ही भाषा. आणि मातींत काडीनें काढलेलीं तीं अक्षरें. एखादें जनावर दुसऱ्याच्या शेतांत शिरूं लागलें, तर मुलानें पळत जावें, हांकून आणावें व पुन्हां येऊन बसावें. त्यासाठीं परवानगी मागावयाची नाहीं. आम्ही त्यांस विचारलें, तुम्हांस शिकण्याची गोडी कोणी लावली? त्यांस प्रश्न नीट कळला नसावा. थोडा वेळ आमच्याकडे पाहून त्यांनीं उत्तर दिलें, त्याचा आशय असा, कीं गोडी लावावी लागली नाहीं. मास्तर आमच्या मागून आले.

ह्या एका वाक्यानें आमच्या मनांतील एक जुनी गोष्ट वर आली. ती सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं.

पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही ज्या खेड्यांत शिक्षक होतों, तेथें आमच्या वर्गांत मेंढपाळांचा एक मुलगा होता. बुद्धि उत्तम. संस्कृत शब्दरूपें आम्ही एकदां म्हणून दाखवावीं आणि त्यानें तीं दुसऱ्या दिवशीं न चुकतां म्हणावीं. परंतु हजेरी अनियमित. आम्ही प्रथम छडी वापरली. मग त्या वर्षीं पूर्ण हजेरीसाठीं कंपासपेटीचें बक्षीस लाविलें. मुलगा पावसाळ्यांतले तीन महिने एकही दिवस न चुकतां आला. आम्हीं त्यास सर्वांसमक्ष पेटी दिली. दसऱ्यानंतर तो दिसेनासा झाला, तो कायमचा. "पेटी मिळाली आणि मास्तर विसरला," असें आम्ही शिक्षकांच्या बैठकींत कितीदां तरी हंसत सांगितलें असेल. कृतघ्नतेचें उदाहरण म्हणून तो आमच्या भाषणांतही येत असे.

कोसबाडच्या त्या वाटेवर आम्हांस प्रथमच जाणवलें, कीं तो दसऱ्यानंतर गेला, कारण दसऱ्यानंतर मेंढरें कोंकणाकडे उतरतात. पावसाळ्यांत वाडा गांवाजवळ असतो, म्हणून तो येत होता. कंपासपेटी असती वा नसती, तो तेवढेच महिने आला असता. गांवांतलें प्रत्येक पोर ही गोष्ट जाणत होतें. आमच्या घरावरून तीं मेंढरें जात. त्यांच्या गळ्यांतील घंटा आम्ही ऐकत होतों. आम्हांस तेवढें विचारावयाचें सुचलें नाहीं, कीं बाळ, तूं जातोस तो कोठें जातोस. विचारलें असतें तर एखादें पुस्तक बरोबर देतां आलें असतें. ज्या गांवीं वाडा उतरतो तेथील शाळेस एक चिठ्ठी लिहितां आली असती. बक्षीस देणें सोपें असतें. त्यास मुलाची माहिती लागत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही जवळच्या एका पाड्यावर अंगणवाडी पाहावयास गेलों. वीसबावीस मुलें गोल करून बसलीं होतीं. कोणी चिंचोके ओळीनें लावीत होतें, कोणी पानावर पान ठेवून लहानमोठें ठरवीत होतें. बाई मुलांशीं त्यांच्या बोलींत बोलत व मधूनच तोच शब्द पुस्तकी मराठींत सांगत. एका घराच्या कुडावर गेरूवर तांदळाच्या पिठानें काढलेलीं वारली चित्रें होतीं: नाचणाऱ्यांचा वेटोळा, ताडावर चढणारा मनुष्य, बैल. लग्नाचा चौक लिहिण्याचें काम ह्या लोकांत परंपरेनें सुवासिनींचें आहे. डहाणू तालुक्यांतीलच गंजाडचे जिव्या सोमा म्हशे (१९३४ ते २०१८) यांनीं ही कला जगापुढें नेली. सूनबाईंनीं तेथेंच, त्या कुडासमोर, आम्हांस एक प्रयोग सांगितला. तो आम्ही येथें देतों, कारण तंट्याचा निकाल त्यानेंच केला.

अमेरिकेंत लेपर, ग्रीन व निस्बेट ह्या तिघां संशोधकांनीं १९७३ सालीं तो प्रसिद्ध केला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेंतील, चित्रें काढण्याची मुळांतच आवड असलेलीं मुलें त्यांनीं निवडलीं. कांहींस आधींच सांगितलें, कीं चित्र काढाल तर सोनेरी तारा व फीत लावलेलें प्रशस्तिपत्र मिळेल. कांहींस आधीं न सांगतां नंतर तेंच प्रशस्तिपत्र दिलें. उरलेल्यांस कांहींच दिलें नाहीं. पुढें एकदोन आठवड्यांनीं वर्गांत रंगीत लेखण्या मोकळ्या ठेवल्या आणि कोण आपण होऊन किती वेळ चित्रें काढतें हें पाहिलें. ज्यांस आधीं कबूल करून बक्षीस दिलें होतें, त्यांचा चित्रांत जाणारा वेळ इतरांच्या मानानें जवळजवळ अर्ध्यावर आला. ज्यांस अचानक मिळालें, त्यांच्या आवडींत असा फरक पडला नाहीं. म्हणजे दोष प्रशस्तिपत्राचा नव्हता, कराराचा होता. जें काम मूल आनंदानें करीत होतें, तें आतां कशासाठीं तरी करावयाचें काम झालें. आणि तें 'कशासाठीं' संपतांच कामही संपलें. आमच्या भिंतीवरच्या तक्त्याचा इतिहास ह्याहून निराळा काय होता?

ह्यावर आम्हीं शंका घेतली. मग शाळेंत दुपारचें जेवण देतात तें काय? १५ ऑगस्ट १९९५ पासून ती राष्ट्रीय योजना आहे. तीही लालूचच म्हणावी काय? सूनबाईंनीं शांतपणें उत्तर दिलें, "अण्णा, जेवण गुण पाहून वाढत नाहींत. उपाशी मुलास अक्षर दिसत नाहीं, म्हणून वाढतात. पाळणाघर काय, जेवण काय, हे वाटेंतले धोंडे काढणें आहे. बक्षीस म्हणजे धोंडे तसेच ठेवून पलीकडून खाऊ दाखविणें." आम्हांस हा भेद मान्य करावा लागला. त्यांनीं हेंही सांगितलें, कीं बक्षीस सर्वत्र विषच ठरतें असें नाहीं. ज्या कंटाळवाण्या कामांत मुळींच गोडी नसते, तेथें त्याचा आरंभास उपयोग होऊं शकतो, व विद्वानांत ह्यावर वादही पुष्कळ झाले आहेत. डेसी व रायन ह्या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं मनाच्या तीन गरजा सांगितल्या आहेत. काम कांहीं अंशीं आपल्या मर्जीनें करावयास मिळावें. तें आपल्यास जमतें आहे असें अनुभवास यावें. आणि आसपासच्या माणसांशीं त्यानें आपलें नातें जुळावें. ह्या तिन्ही पुरविल्या, तर शिकण्याची इच्छा बहुधा आपोआप टिकते. कौतुकाचीही तीच गोष्ट. मुलर व ड्वेक ह्या संशोधकांनीं १९९८ सालीं दाखविलें, कीं "तूं हुशार आहेस" अशी स्तुति ज्यांची केली, तीं मुलें पुढें कठीण उदाहरण अडतांच लवकर खचलीं. "तूं मेहनत चांगली केलीस" असें ज्यांस म्हटलें, तीं टिकून राहिलीं. आम्हीं पस्तीस वर्षांत किती मुलांस हुशार म्हणून बिघडविलें असेल, ह्याचा हिशेब आतां कोण देणार!

इतक्यांत तेथें एक लहानशी गोष्ट घडली. बाईंनीं आमच्या बाळास सांगितलें, कीं पाहुणे आलांत तर मुलांस एक गोष्ट सांगा. तो प्रथम लाजला. मग त्यानें वाचलेल्या एका पुस्तकांतील गोष्ट सुरू केली. आरंभ उत्तम झाला. एक मुलगा घर सोडून होडींत बसून जातो, वादळ होतें. मुलें सरकत सरकत पुढें आलीं. एका चिमुरडीनें विचारलें, मग? बाळ थांबला. त्याचा चेहरा उतरला. मग एकदम म्हणाला, "मग तो घरीं परत आला." मुलें त्याच्याकडे पाहातच राहिलीं. वादळांतून तो सुटला कसा, हें त्यांस हवें होतें. आणि तीं पानें आमच्या बाळानें दहा रुपयांसाठीं सोडलेलीं होतीं.

त्यास कोणी कांहीं बोललें नाहीं. परत येतांना गाडींत बराच वेळ तो खिडकीबाहेर पाहात होता. वैतरणेच्या पुलावर त्यानें आईस विचारलें, तें पुस्तक कपाटांत कोणत्या खणांत आहे.

गाडींत आम्हांस आमच्या पंचतंत्राची आठवण झाली. तें आम्हीं वर्षानुवर्षें शिकविलें आहे, आणि त्याचा उपोद्घात घाईनें उरकून पहिल्या गोष्टीकडे वळलों आहों. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ति राजाचे तीन पुत्र अभ्यासास विन्मुख. मंत्री सांगतात, कीं व्याकरणासच बारा वर्षें लागतात. तेव्हां ऐंशीं वर्षांचा विष्णुशर्मा सहा महिन्यांची प्रतिज्ञा करतो. राजा त्यास शंभर गांवांचें दान देऊं करतो, आणि तो तें नाकारतो. पुढें तो राजपुत्रांस घरीं नेऊन ज्या गोष्टी सांगतो, तो सर्व ग्रंथच होय. म्हणजे ज्या ग्रंथानें आमचा संसार चालला, तो मूळ अभ्यासाची इच्छा मेलेल्या मुलांवरील एक उपाय आहे. त्यांत मुलांस बक्षीस नाहीं, दंड नाहीं, आणि गुरूसही मोबदला नको आहे. आहे ती फक्त "मग काय झालें?" ही उत्कंठा. हें आम्ही मुलांस शब्दार्थ व समास यांसह समजावून दिलें होतें. स्वतः मात्र समजलों नव्हतों.

घरीं आल्यावर आम्हीं आपला निकाल मागें घेतला. मास्तरास हें अवघड जातें, तरी घेतला. पुतण्याशीं दोन दिवस बोलणें झालें. तो म्हणाला, "करार मोडला तर मुलगा शेफारेल." आम्ही म्हटलें, सायकल त्यास शाळेंत जाण्यास उपयोगी आहे, उपयोगी वस्तु ऐपत असेल तर द्यावी, नसेल तर नाहीं म्हणावें, तिला गुणांच्या तराजूंत घालूं नये. माघांत एका साध्या बुधवारीं, कोणताही समारंभ न करतां, सायकल घरीं आली. नंतर मुलाजवळ बसून सूनबाईंनीं विचारलें, कीं अभ्यासांत तुझें अडतें तें कोठें. हा प्रश्न घरांत तेरा माणसें असून तोंवर कोणीं विचारला नव्हता. अपूर्णांक कळत नाहींत, आणि विचारल्यास वर्गांत मुलें हंसतात, म्हणून तो गप्प बसतो, असें निघालें. एवढासा धोंडा. आम्ही रोज रात्रीं भाकरीचे तुकडे करून त्यावर अर्धा, पाव, अष्टमांश सुरू केला. अभ्यासाचा वेळ सकाळचा कीं संध्याकाळचा, हें त्याचें त्यानें ठरवावें, असेंही ठरलें.

वाचकांस वाटेल, कीं आतां नव्वदांच्या वर गुण पडल्याचें वर्तमान येईल. तसें झालें नाहीं. वार्षिक परीक्षेंत त्यास चौऱ्याहत्तर टक्के मिळाले. पुतण्याचा चेहरा पडला. मातोश्रींनीं मात्र देवापुढें साखर ठेवली, कारण गणितांत तो प्रथमच कोणाच्या मदतीवांचून उत्तीर्ण झाला होता.

मातोश्रींची दृष्टि आतां मंद झाली आहे. हल्लीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर बाळ त्यांच्या खाटेशीं बसून मोठ्यानें वाचतो. रोज वाचतो असें नाहीं. कधीं कंटाळतो, कधीं खेळून दमून येतो. परंतु ज्या दिवशीं वाचतो, त्या दिवशीं एकही पान सोडीत नाहीं. सोडूं लागला तर पणजी विचारते, "मग रे?"

आमचा तो मेंढपाळ विद्यार्थी आतां पन्नाशीच्या पुढें असेल. त्याची आम्ही भाषणांत जी थट्टा केली, तिची क्षमा मागण्यास तो भेटेल असें दिसत नाहीं. म्हणून ज्यांच्या घरांत वा वर्गांत अभ्यासापासून दूर पळणारें मूल आहे, त्यांस आमची एवढीच विनंती आहे: त्यास काय द्यावें याचा विचार करण्यापूर्वीं, तें पळून जातें कोठें, हें एकदां मागून जाऊन पाहावें.